अजिंठ्याच्या भिंतीवरची लंका आणि नकाशावरची लंका



आपल्या वस्तीतील विहारावर जो निळा, पिवळा, तांबडा, पांढरा आणि मांजिष्ठ अशा पट्ट्यांचा ध्वज फडकतो, तो प्रथम कोठे फडकला हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? तो १८८५ साली कोलंबो शहरात तयार झाला आणि त्याच वर्षीच्या वैशाख पौर्णिमेला तेथे प्रथम उभारला गेला. त्या वेळी लंकेवर इंग्रजांचे राज्य होते. पुढे १९५० साली लंकेत जागतिक बौद्ध भ्रातृसंघाची स्थापना झाली. त्या वेळी हाच ध्वज जगातील सर्व बौद्धांचा ध्वज व्हावा, असे संघाचे पहिले अध्यक्ष मलालसेकर यांनी सुचविले आणि तो तसा झालाही. म्हणजे आपल्या दारावरची ही खूण समुद्रापलीकडून आलेली आहे. असे असूनही लंका म्हटले की आपल्या मुलांना आठवतो तो दहा तोंडांचा रावण, फार तर १९९६ चा विश्वचषक आणि जयसूर्याची बॅट. तेव्हा या खेपेस आम्ही लंकेविषयी लिहावयाचे ठरविले आहे. मुलांनी शाळेचा नकाशासंग्रह जवळ घेऊन बसावे.

भारताच्या दक्षिण टोकाला, थोडे उजवीकडे, आंब्याच्या कोयीसारखे एक बेट दिसेल. त्याचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर. आपला महाराष्ट्र ३,०७,७१३ चौरस किलोमीटरचा. म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून हे बेट किंचित मोठे, आणि लोकसंख्या दोन कोटींहून थोडी अधिक. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ४३० किलोमीटर, रुंदी सुमारे २२५. मधोमध डोंगर. सर्वात उंच शिखर पिदुरुतलागल, २,५२४ मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे. सर्वात लांब नदी महावेली, ३३५ किलोमीटर. आपली तापी ७२४ किलोमीटर वाहते, तेव्हा नदीच्या बाबतीत आपण खान्देशी लोक श्रीमंत, निदान नकाशावर तरी! भारत व लंका यांच्यामधील समुद्राची पट्टी धनुष्कोडीपाशी तीसएक किलोमीटरचीच आहे. चाळीसगावाहून धुळ्याला जाण्यास याच्या जवळजवळ दुप्पट अंतर पडते. १९१४ पासून आगगाडी व बोट यांच्या जोडीने मद्रासेहून कोलंबोपर्यंत एका तिकिटावर जाता येत असे. डिसेंबर १९६४ च्या वादळाने धनुष्कोडी गाव व तेथील रेल्वे धुवून नेली. घड्याळ मात्र दोन्ही देशांचे एकच. जळगावात सकाळचे आठ वाजले की कोलंबोतही आठच.

येथे भुसावळकरांसाठी एक गंमत सांगितली पाहिजे. जुन्या भारतीय ज्योतिषात, म्हणजे गणिताच्या ज्योतिषात, हात पाहण्याच्या नव्हे, पृथ्वीवरची मूळ रेघ लंकेवरून निघून उज्जैनीवरून उत्तरेला मेरूकडे जाते असे मानीत. भास्कराचार्यांनीही तेच मानले आहे. या भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याची हकिगत चाळीसगावजवळील पाटण येथील १२०७ सालच्या शिलालेखात आहे. आता उज्जैनीची रेखा आहे सुमारे पाऊणेशहात्तर अंश, आणि भुसावळची जवळजवळ तीच. म्हणजे त्या काळच्या पंडितांची शून्य रेषा आपल्या भुसावळच्या रेल्वे यार्डावरून जाते म्हणावयास हरकत नाही. तीच रेघ खाली विषुववृत्तापर्यंत ओढली, तर तेथे पंडितांच्या हिशोबाने लंका असावयास हवी. मुलांनी पट्टी लावून पाहावे. तेथे नुसते पाणी आहे. खरी लंका त्या रेघेच्या पूर्वेस चार-सहा अंशांवर आणि विषुववृत्ताच्या उत्तरेस जवळपास सहा अंशांवर आहे. पंडितांची लंका ही हिशोबासाठी धरलेली लंका. आम्ही कारकून माणसे; हिशोब जुळावा म्हणून एखादा आकडा तात्पुरता धरणे आम्हालाही समजते. पण त्या धरलेल्या आकड्यालाच कोणी गाव म्हणू लागला, तर त्याला वही दाखवावी लागते.

लंकेचा पाऊस आपल्यापेक्षा निराळा. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस येतो. तो कोलंबो, गॉल आणि डोंगराचा तो उतार भिजवून टाकतो. डोंगरापलीकडे, उत्तरेस व पूर्वेस, या वाऱ्यांत पाणी उरत नाही. तिकडे पाऊस पडतो तो ऑक्टोबरनंतर, ईशान्येचे वारे सुरू झाल्यावर. राहिलेले महिने कोरडे. मौज अशी की लंकेची जुनी मोठी राजधानी अनुराधपूर याच कोरड्या भागात वसली, कारण तेथील लोकांनी पाणी अडविण्याची विद्या साधली होती. पाचव्या शतकात धातुसेन राजाने कलावेव नावाचा प्रचंड तलाव बांधला आणि त्यातून अनुराधपुरापर्यंत सुमारे ८७ किलोमीटरचा कालवा नेला. त्या कालव्याचा सुरुवातीच्या भागातील उतार मैलाला सहा इंच इतकाच आहे. डोळ्यांना तो दिसतही नाही, पाण्याला मात्र कळतो. पाथर्डीच्या वा साक्रीच्या पाटावर काम केलेल्या कोणाही माणसाला विचारा, असा उतार काढणे म्हणजे काय ते तो सांगेल. या धातुसेनाची एक कथा लंकेच्या इतिवृत्तात आहे. त्याच्या मुलाने, काश्यपाने, राज्य बळकावले आणि बापाला विचारले, तुझा खजिना कोठे आहे? बाप त्याला कलावेवच्या काठावर घेऊन गेला, पाण्यात उतरला आणि हे पाणी हाच माझा सारा खजिना असे म्हणाला. मुलाने त्याला ठार केले.

पण आम्हाला राजापेक्षा गावकऱ्यांच्या रीतीचे कौतुक अधिक. लंकेत गावोगाव लहान तळी आहेत. ज्या वर्षी तळे भरत नाही, त्या वर्षी सगळ्यांच्या शेतांना थोडे थोडे पाणी देऊन सगळ्यांचेच पीक वाळवीत नाहीत. तळ्यालगतच्या, पाणी पुरेल एवढ्याच जमिनीचे सर्व हिस्सेदारांत तेवढ्या हंगामापुरते वाटे पाडतात. मग मूळ जमीन कोणाची हे त्या हंगामात पाहत नाहीत. या रीतीला तेथे ‘बेथ्म’ म्हणतात. आपल्या धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धत आहे, तिची येथे आठवण होते. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड, एका फडात सर्वांचे एकच पीक आणि पाणी सोडणारा गावाचा पाटकरी. शेकडो वर्षे ही व्यवस्था सरकारी कचेरीवाचून चालली. दोन्हीकडे एकच शहाणपण दिसते. फडात जमीन कोणाची होती आणि पाट उपसण्याचे काम कोणाकडे होते, हा प्रश्न मात्र आपण आपल्या गावी वडीलधाऱ्यांना विचारून पाहावा. आम्ही तो विचारला आहे.

आता अजिंठ्याकडे येऊ. जळगावाहून साठएक किलोमीटरवर ही लेणी आहेत आणि आपल्या लोकांच्या सहली तेथे दरवर्षी जातात. बहुतेक जण पद्मपाणी पाहतात, फोटो काढतात आणि परत येतात. सतरा क्रमांकाच्या लेण्यात आत गेल्यावर उजव्या हाताच्या भिंतीवर मोठे चित्र आहे. तेथे नावांत उभे हत्ती आहेत, घोडे आहेत, भाले घेतलेले सैनिक आहेत. हे सिंहल नावाच्या व्यापाऱ्याचे अवदान. पाचशे व्यापाऱ्यांसह त्याची नौका फुटते, ते एका बेटावर लागतात. तेथे सुंदर स्त्रिया त्यांचे स्वागत करतात. पण त्या असतात राक्षसिणी. उडणारा घोडा सिंहलाला सोडवून आणतो. पुढे तो राजा होतो, सैन्य घेऊन त्या बेटावर चाल करून जातो, राक्षसिणींना हुसकावतो आणि बेटाला नाव पडते सिंहलद्वीप. हे चित्र पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातले. नेमक्या त्याच सुमारास लंकेत तो बापाचा खून करणारा काश्यप सिगिरियाच्या उंच खडकावर राजवाडा बांधीत होता आणि खडकावर ढगांतून डोकावणाऱ्या स्त्रियांची चित्रे काढून घेत होता. खान्देशच्या सीमेवर आणि लंकेच्या अरण्यात एकाच पिढीतले चित्रकार भिंती रंगवीत होते. सिगिरिया १९८२ साली आणि अजिंठा १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले.

चित्र अप्रतिम आहे, यात वाद नाही. पण कथेचा आशय आम्हाला टोचतो, आणि बौद्ध लेण्यातली कथा आहे म्हणून आम्ही तो टोचत नाही असे म्हणणार नाही. बाहेरून येणारे ते माणूस, आणि बेटावर आधीपासून राहणारे ते राक्षस! लंकेच्या ‘महावंस’ या पाली ग्रंथातही असेच आहे. विजय नावाचा राजपुत्र देशाबाहेर घालविला जातो, तो आधी सुप्पारक बंदराला म्हणजे आपल्या मुंबईजवळच्या सोपाऱ्याला लागतो, तेथूनही त्याला निघावे लागते आणि मग तो लंकेत उतरतो. तेथे त्याला कुवेणी नावाची यक्षिणी आश्रय देते, त्याच्यासाठी आपल्याच लोकांविरुद्ध उभी राहते. राज्य मिळाल्यावर विजय तिला हाकलून देतो आणि मदुरेहून राजकन्या आणतो. लंकेच्या जंगलात राहणारे वेद्दा नावाचे आदिवासी स्वतःला याच कुवेणीच्या लेकरांचे वंशज सांगतात. आपल्या सातपुड्यातील भिल्ल-पावरा बांधवांविषयी जुन्या पोथ्यांत काय लिहिले आहे ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आणखी काही सांगावयास नको. ज्याच्या हाती लेखणी, त्याच्या शत्रूला शिंगे.

त्याच सोपाऱ्यात सम्राट अशोकाचे शिलालेख सापडले आहेत. एक तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या उत्खननाच्या वेळी आणि दुसरा १९५६ साली. अशोकाच्या लेखांत लंकेचे नाव ‘तंबपंनी’ असे येते. अशोकाचा पुत्र महिंद आणि कन्या संघमित्ता धम्म घेऊन लंकेत गेले. संघमित्तेने बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची फांदी नेली आणि ती अनुराधपुरात लावली, असे तेथील इतिवृत्त सांगते. तो वृक्ष अद्याप आहे. भारतात धम्म लोपला, तेव्हा ती ठेव लंकेने सांभाळली आणि पुढे व्याजासह परत केली. १८९१ साली अनागारिक धर्मपाल यांनी महाबोधी सोसायटी काढली आणि बुद्धगयेसाठी जन्मभर झगडले. आपल्या मराठी मुलखातून, गोव्यातील साखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी घरदार सोडून १९०२ साली कोलंबोला गेले आणि विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकले. मराठीत बुद्धाचे चरित्र आपण आज वाचतो, ते त्या प्रवासाचे फळ आहे. भदन्त आनंद कौसल्यायन यांनीही लंकेतच दीक्षा घेतली, पुढे तेथे शिकविले आणि अखेरची वर्षे नागपुरात काढली. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष त्यांनी अनुराधपुराहून आणलेल्या फांद्यांचा आहे.

१९५० च्या मे महिन्यात बाबासाहेब माईसाहेबांसह लंकेला गेले. जागतिक बौद्ध भ्रातृसंघाची ती पहिलीच परिषद होती. बौद्ध देशात धम्म रोजच्या व्यवहारात कितपत जिवंत आहे, हे त्यांना डोळ्यांनी पाहावयाचे होते. कोलंबोत त्यांनी भारतातील बौद्ध धम्माच्या उदयास्तावर भाषण दिले, आणि तेथील अस्पृश्य मानलेल्या लोकांच्या सभेत त्यांना बौद्ध होण्याचे आवाहनही केले. येथे वाचक थांबतील. बौद्ध देशात अस्पृश्य कोठून आले?

आले नव्हते, होतेच. लंकेत जातिव्यवस्था आहे, आणि ती चीवरापर्यंत पोहोचलेली आहे. १७५३ साली सयामहून भिक्खू आणून तेथे उपसंपदा पुन्हा सुरू करण्यात आली. तो सयाम निकाय. पण १७६४ साली कँडीच्या दरबाराने हुकूम काढला की उपसंपदा केवळ गोविगम या वरच्या शेतकरी जातीच्या लोकांनाच मिळावी. तेव्हा दालचिनी सोलणाऱ्या सलागम जातीतील काही श्रामणेर १७९९ साली जहाजाने ब्रह्मदेशात अमरपुरास गेले, तेथे उपसंपदा घेतली आणि १८०३ साली परत आले. तोच अमरपूर निकाय. ज्यांना आपल्या गावच्या देवळाची पायरी नाकारली गेली होती, त्यांना ही गोष्ट कळण्यास भाष्य लागत नाही. आपल्यातील काही मंडळींना असे लिहिलेले आवडत नाही. धम्माची बदनामी होते असे ते म्हणतात. आमच्या मते बदनामी १७६४ च्या हुकमाने झाली. अमरपुरास गेलेल्यांनी धम्माची अब्रू राखली.

आता चहाचा हिशोब. इंग्रजांनी १८१५ साली कँडीचे राज्य घेतले, डोंगरावरची अरण्ये तोडून कॉफी लावली. १८६९ नंतर कॉफीवर तांबेरा पडला आणि मळे बसले. १८६७ साली जेम्स टेलर नावाच्या मळेवाल्याने चहाची लागवड सुरू केली होती. ती मग सर्व डोंगरांवर पसरली. मजूर आणले तमिळ मुलखातून. त्यांतील मोठा भाग पल्लर, परैयर, चक्किलियर अशा अस्पृश्य मानलेल्या जातींचा. माणसे गोळा करून आणणाऱ्यास कंगाणी म्हणत. तो आगाऊ पैसे देई आणि मजूर त्या कर्जात बांधला जाई. आपल्या नंदुरबार-साक्रीकडची कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन कोयता खांद्यावर टाकून गुजरातेत ऊसतोडीला जातात. त्यांना कंगाणी कोण हे ओळखता येईल. मन्नारच्या किनाऱ्यावर उतरून ही माणसे जंगलातून डोंगरापर्यंत पायी चालत. वाटेत कॉलऱ्याने आणि तापाने कित्येक मेली. मळ्यावर राहावयास चाळीसारख्या एका ओळीतल्या खोल्या, त्यांना ‘लाईन’ म्हणतात. एका खोलीत एक कुटुंब, कधी दोन.

४ फेब्रुवारी १९४८ रोजी लंका स्वतंत्र झाली. त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा झाला आणि या लाखो मजुरांना सांगण्यात आले की तुम्ही येथील नागरिक नाही. पाठोपाठ त्यांचे मतही गेले. हे विशेष अशासाठी की लंकेत १९३१ सालीच स्त्री-पुरुष सर्व प्रौढांना मताचा अधिकार मिळाला होता. आशियात इतका लवकर तो फार थोड्या देशांत होता. बाबासाहेब त्या काळी आपल्याकडे त्याचीच मागणी करीत होते. ज्या मजूर बायांनी १९३० च्या दशकात मत दिले होते, त्यांच्या लेकींना ते उरले नाही.

पुढे ३० ऑक्टोबर १९६४ रोजी लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंडारनायके यांच्यात करार झाला. हिशोब असा: एकूण माणसे ९,७५,०००. भारताने घ्यावयाची ५,२५,०००. लंकेने ठेवावयाची ३,००,०००. शिल्लक १,५०,०००, तिचा निकाल पुढे. १९७४ साली ती शिल्लक निम्मी-निम्मी, ७५,००० इकडे आणि ७५,००० तिकडे. बेरीज बरोबर जुळते. आम्ही इतकी वर्षे खतावण्या तपासल्या, पण इतकी नेटकी जुळलेली आणि इतकी निर्दय बेरीज पाहिली नाही. यातील कित्येकांचा जन्म लंकेत, त्यांच्या आईबापांचाही जन्म लंकेत. त्यांना ‘मायदेशी’ पाठविले म्हणजे त्यांनी कधी न पाहिलेल्या देशात पाठविले. तमिळनाडू सरकारने १९६८ साली निलगिरीत त्यांच्यासाठी चहाचे मळे काढले, आणि ही माणसे एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर चहाच खुडावयास गेली. लंकेत राहिलेल्यांपैकी ज्यांचे कागद अडकून पडले होते, त्यांना अखेर २००३ च्या कायद्याने नागरिकत्व मिळाले. १९४८ ते २००३, पंचावन्न वर्षे! कागदपत्रांवाचून माणसाचे काय होते हे आम्ही कचेरीत रोज पाहतो, म्हणून सांगतो, घरातील जन्माचे दाखले, जातीचे दाखले, रेशनकार्ड एका पिशवीत जपून ठेवा.

लंकेतील तमिळ आणि सिंहली यांच्या भांडणाविषयी थोडक्यातच लिहितो, कारण ते सर्वांच्या कानावर आहे. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. त्याच १९५६ च्या जून महिन्यात लंकेत सिंहली हीच एकमेव राजभाषा असा कायदा झाला. तो करणाऱ्या पंतप्रधान बंडारनायकेंना १९५९ साली एका चीवरधारी भिक्खूनेच गोळ्या घातल्या. १९८१ साली जाफन्याचे ग्रंथालय जाळण्यात आले. सुमारे ९७ हजार पुस्तके व हस्तलिखिते गेली. पुस्तकांसाठी राजगृह बांधणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी. जाळणारे कोणत्या धर्माचे होते हे पाहून आपला संताप कमी-जास्त होऊ नये. १९८३ ला युद्ध पेटले ते मे २००९ पर्यंत चालले. १९८७ साली भारताचे शांतिसैन्य तेथे गेले, त्यात महार रेजिमेंटची ८ वी पलटणही होती. या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी तेथे धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. १९९० साली सैन्य परतले, त्या वेळपर्यंत भारताचे अकराशेहून अधिक जवान तेथे कामी आले होते.

खान्देशातून अलीकडे धम्मयात्रा म्हणून लंकेला जाणारे गट निघू लागले आहेत. महिन्याला थोडे थोडे साठवून मंडळी जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. अनुराधपूर आणि कँडीचा दंतधातू विहार यात्रेत असतोच. कँडीहून नुवारा एलियाकडे जाताना गाडी चहाच्या कारखान्यापाशी थांबवितात. तेथे कारखान्याबरोबरच मागच्या लाईन पाहावयास मिळतील का, असे वाटाड्याला विचारा. नाही म्हणाला, तर रस्त्यावरूनही त्या दिसतात. पाठीवर टोपली आणि तिचा पट्टा डोक्याला लावून ज्या बाया उतारावर पाने खुडताना दिसतील, त्यांना भाषा येत नसली तरी हात जोडून वणक्कम म्हणता येईल.

ज्यांना इतका खर्च झेपणार नाही, त्यांनी फर्दापूरपर्यंत एस. टी. ने जावे. तेथून लेण्यांच्या पायथ्याशी नेणाऱ्या गाड्या मिळतात. सतराव्या लेण्यात उजेड कमी असतो; आत गेल्यावर डोळे स्थिरावेपर्यंत दोन-चार मिनिटे उभे राहावे, मग नावांतले हत्ती दिसू लागतात. सोमवारी लेणी बंद असतात.